त्रयस्थाची हरकत

माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा हे मला कुणी शिकवलं नाही. या वसाहतीत राहायला आलो तेव्हा आमच्या गल्लीतलं गटार कित्येक महिने उघडंच होतं. शेवटी एक म्हातारा त्यात पडला, तेव्हा चिडून मी एक अर्ज टाकला आणि नशिबानं झाकणं बसली. झालं! तेव्हापासून लोकांना मी वकीलच वाटायला लागले. पतपेढीतून दमून घरी यावं, पाय धुवावेत, जरा कुठे चहाचं आधण ठेवावं, की दारात कुणीतरी हजर. "वहिनी, तेवढा एक अर्ज लिहून द्या ना." रेशनकार्डातून नाव का उडालं, पाण्याची टाकी बांधून झाली तरी पाणी का नाही, एक ना दोन. मी तोंडानं फटकळ आहे, दोन शब्द सुनावते, पण लिहून देते. उत्तरं येतात, नाही असं नाही. पण ती वाचून कुणाचं समाधान झालेलं मी फारसं पाहिलेलं नाही. खरं सांगू का, मला आता या सगळ्याचा कंटाळा आलाय. आणि त्यातला सगळ्यात थकवणारा अर्ज माझ्या स्वतःच्या घरातून निघाला.

माझं माहेर पनवेल शहरातलं, सासर खाडीकडच्या गावातलं. लग्न ठरलं तेव्हा माझी मावशी म्हणाली होती, कुठे त्या चिखलात चाललीस. तो चिखल आता राहिला नाही. विमानतळासाठी आमचं गाव घेतलं, घरं पाडली, भराव टाकून सगळं सपाट केलं. आम्हाला मोबदला मिळाला आणि या वसाहतीत प्लॉट मिळाले. लोकांनी घरं बांधली, कुणी तीन मजले चढवले, दारात गाड्या आल्या. आम्हीही बांधलं. नवरा जासईला कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर आहे, मुलगी पुण्याला शिकते. सासरे नव्या घरात जेमतेम एक पावसाळा राहिले आणि गेले. म्हणजे घरात आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई. मी त्यांना आई म्हणते.

नवऱ्याच्या आधी आईंना एक मुलगी झाली होती. बारशाआधीच गेली, म्हणून तिला नाव नाही. एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. आणि आमच्या सासरी अशी पद्धत होती की मुलाला घेऊन पुरुषांनीच जायचं, आणि जागा आईला सांगायची नाही. सांगितली तर ती तिथे जाऊन बसते, रडते, तिचं दूध आटत नाही, पुढचं मूल राहत नाही, असं म्हणत. आईंचं वय तेव्हा आजच्या माझ्या मुलीपेक्षाही कमी होतं. सासरे एकटेच मुलीला कापडात गुंडाळून घेऊन गेले, परत येऊन पाय धुतले आणि भाताच्या शेतावर निघून गेले. आईंनी कधीतरी धीर करून विचारलं, तर म्हणाले, "ठेवली हाय चांगल्या जागी." बस्स. पुढे संसार झाला, माझा नवरा झाला, नणंद झाली, नातवंडं झाली, तरी त्या माणसानं तोंड उघडलं नाही. तसे ते वाईट नव्हते हो. आईंच्या अंगावर त्यांनी कधी हात टाकला नाही, घरात दारूचा थेंब आणला नाही. पण एकदा गप्प राहायचं ठरवलं की दगड बरा.

हे सगळं मला माहीत होतं, पण ते जुनं दुखणं होतं आणि घरात कुणी त्याला हात लावत नव्हतं. हात लावला शेजारच्या म्हातारीनं. वसाहतीत एका लग्नाची हळद होती. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, गाणी, मटण, खुर्च्यांवरून भांडणं सगळं आलं. तिथे बसण्यावरून आईंचं आणि तिचं वाजलं. दोघीही जुन्या गावापासूनच्या शेजारणी, भांडणं काही नवी नव्हती. पण या वेळी ती सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "मला नको शिकवू. तुज्या घरवाल्यानं तं तान्या पोरीची जागा दाखवून तिचे पन पैशे घेतले."

तिचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं, हीच तर पंचाईत. मोबदला ठरवायला सर्व्हेवाले आले होते तेव्हा सांगितलंच होतं, जे दाखवाल त्याचे पैसे मिळतील. मग लोकांनी काय दाखवायचं सोडलं? विहीर, गोठा, शेवग्याचं झाड, कोंबड्यांचं खुराडं. काहींनी वाडवडिलांच्या समाधीचे चौथरेही दाखवले, आणि त्याचेही पैसे आले. आमच्या जमिनीत सर्व्हेवाल्यांबरोबर सासरेच हिंडले. बायका घरात होत्या, नवरा कामावर होता. नंतर सगळी रक्कम एकत्र खात्यावर जमा झाली. कशाचे किती, ते सासऱ्यांनाच ठाऊक.

आई हळदीवरून घरी आल्या त्या न जेवता झोपल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सासऱ्यांचं नाव काढणं सोडलं. मग पितृपक्ष आला. घरात खीर-वडे झाले, मी पानं मांडायला घेतली, तर त्यांनी माझ्या हातातलं पान काढून घेतलं. म्हणाल्या, "त्येंचं नको मांडू."

"आई, असं काय करताय?"

"पोरीला इकून खाल्ली असंल त्येनी, तर मी त्येंच्या नावानं पानी सोडनार नाय. आदी मला समजू दे."

नवरा भडकला. "त्या म्हातारीची जीभ सडली, तिचं ऐकून तू बाबांचं पान बंद करणार?" म्हणून ओरडला आणि न जेवता कामावर निघून गेला. मी दोघांच्या मधे, पिठाचे हात घेऊन उभी. माझ्या माहेरी असलं काही नाही, भांडलो तर भांडलो, संध्याकाळी विसरलो. इथे लोक आयुष्यभर धरून बसतात. पण खरं सांगायचं तर भीती मलाही होतीच. त्या पैशांतून उभ्या राहिलेल्या घरात आम्ही राहत होतो, फरशी पुसताना माझ्या मनात ते यायचं. नवऱ्याचा राग म्हणजेसुद्धा ही भीतीच होती, एवढं मला कळत होतं.

पंधरा-वीस दिवसांनी आई माझ्याजवळ येऊन बसल्या. मी कुणाचा तरी अर्ज लिहीत होते.

"त्येनी मला नाय सांगितलं," त्या म्हणाल्या. "पन सरकारला सांगितलं असंल. पैशे पायजे तं सांगावंच लागतं. तू सरकारला इचार."

मी पेन खाली ठेवलं. इतक्या लोकांचे अर्ज लिहिले, पण नवऱ्यानं बायकोपासून लपवलेलं सरकारला विचारायचं, हे काही मला सुचलं नसतं. मी टाळायला बघितलं. म्हटलं, आई, इतकी वर्षं झाली, आता उकरून काय मिळणार. त्या एवढंच म्हणाल्या, "माजी पोर हाय गो." मग मी कोरा कागद घेतला.

अर्ज त्यांच्याच नावानं केला. आमच्या जमिनीच्या मोबदल्याच्या वेळी झालेल्या पंचनाम्याची प्रत मागितली, त्यात काय काय दाखवलं आणि कशाचे पैसे दिले. पोरीचं नाव काढलं नाही. काय लिहिणार? तिचा जन्म कुठे नोंदलेला नाही, मरण नोंदलेलं नाही. कार्यालयाबाहेर झेरॉक्सचं एक दुकान आहे, मालक उरणकडचा कोकणी मुसलमान. तिकीट चिकटवायचं, प्रती काढायच्या, कुठल्या खिडकीत द्यायचं ते सांगायचं, सगळं तोच करतो. कितीतरी वर्षं त्याच्याकडे जातेय मी. अर्ज वाचून त्यानं विचारलं, "भाभी, घरचंच काम?" मी मान हलवली. त्यानं झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत, आणि मला त्याचा उगाच राग आला.

मग वाट बघणं सुरू. आई रोज विचारायच्या. "आला का कागद?" सकाळी डबा भरताना, संध्याकाळी चप्पल काढताना. मी सांगायची, सरकार आहे आई ते, भाजीवाला नाही हाक मारल्यावर यायला. कधी कधी माझा पारा चढायचा. एकदा बोलून गेले, "मला दुसरी कामं नाहीत का?" तर त्या उठून आत गेल्या, आणि मलाच जेवण गेलं नाही.

आणि एके दिवशी पोस्टमन आला. हा जुन्या गावातही आमचाच पोस्टमन होता, एकेक घर ओळखतो. त्यानं लिफाफा पुढे केला, पण सोडेना. "वहिनी, हे बघा जरा," म्हणाला. लिफाफ्यावर सासऱ्यांचं नाव. पत्ता जुन्या गावाचा, घर नंबरासकट. जिथे आता घर नाही, रस्ता नाही, गावसुद्धा नाही. "मी परत पाठवणार होतो, पण म्हटलं तुमचंच आहे," तो म्हणाला आणि सायकल फिरवून निघून गेला.

मी दारातच फोडला आणि वाचून माझं डोकंच फिरलं. कार्यालयानं लिहिलं होतं की, आपल्याशी संबंधित माहिती एका अर्जदारानं मागितली आहे, आपण त्रयस्थ पक्ष असल्यामुळे ही माहिती द्यायला आपली काही हरकत आहे काय ते कळवावे. अर्जदार कोण, तर सासूबाई. म्हणजे जन्मभर एका घरात राहिलेल्या बायकोला नवरा त्रयस्थ! आणि तो वारलेला आहे हे अर्जात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं मी, कै. लावून. कुणी वाचलं तर ना!

आई ओट्यावर बसून वाल सोलत होत्या. "काय आलंय?" त्यांनी विचारलं. लपवायचं म्हटलं तरी लपणार नव्हतं, नाव त्यांना ओळखता येतं. मी वाचून दाखवलं. सासऱ्यांना विचारलंय म्हटलं, तुमची हरकत आहे का म्हणून.

त्यांनी एक शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले. मग म्हणाल्या, "असंलच हरकत. जित्ते असताना पन व्हतीच."

मला हसू आलं, इतकं आलं की पदर तोंडाला लावावा लागला. आईसुद्धा हसल्या. हळदीनंतर पहिल्यांदाच हसल्या असतील. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग त्या हसत नव्हत्या. मी पातेलं बाजूला केलं आणि त्यांच्याजवळ बसून राहिले.

झेरॉक्सवाल्याला मी तो कागद दाखवला तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. "मरहूम माणसाला नोटीस? या अल्ला! भाभी, अपील टाका, इन्शाल्ला पहिल्याच सुनावणीत निकाल." त्याची गंमत चालली होती, माझी दमछाक. पुन्हा रजा, पुन्हा तिकीट, पुन्हा खिडकी. पतपेढीतला साहेब म्हणाला, मॅडम, तुमच्या घरी दर महिन्याला कुणीतरी आजारी असतं. सांगू काय त्याला, की आमच्या घरात वारलेला माणूस आजारी आहे म्हणून?

सुनावणीला आई माझ्याबरोबर आल्या. लिफ्ट बंद होती. प्रत्येक मजल्यावर त्या कठड्याला धरून थांबायच्या, येणारे-जाणारे धक्का मारून पुढे जायचे. त्या गर्दीत मला असा संताप आला, सरकारचा, सासऱ्यांचा, त्या शेजारणीचा, आणि आईंचाही, की कशाला ह्या वयात हे. वरच्या अधिकारी माझ्यापेक्षा तरुण होत्या. टेबलावर फायलींचे गठ्ठे, चेहरा ओढलेला. घरी ह्यांनाही कुणी चहा देत नसणार, असं मला वाटून गेलं. ज्यांनी नोटीस पाठवली ते साहेब शेजारी उभे होते.

"नियमाप्रमाणे त्रयस्थ पक्षाला कळवलं आहे, मॅडम," ते म्हणाले. "त्यांचं उत्तर आलेलं नाही."

"येईल कसं?" मी बोलले. "ते वारलेत हो! अर्जातच लिहिलंय. आता वरून हरकत यायची वाट बघताय का?"

"मृत्यूचा दाखला जोडलेला नव्हता."

मॅडमनी हात वर केला, म्हणजे मी गप्प. त्यांनी अर्ज वाचला, आईंकडे पाहिलं आणि विचारलं, "आजी, तुम्हाला नेमकं काय बघायचंय?"

मी उत्तर देणार होते. कागदी भाषेत, मुद्द्याला धरून. पण आईच बोलल्या. "माज्या पोरीची जागा त्येनी दाखवली का, आनि तिचे पैशे घेतले का."

मॅडमना कळेना. मग मलाच सगळं सांगावं लागलं, तान्ही मुलगी, पद्धत, हळद, सगळं. सांगताना मला लाज वाटत होती, त्या नोटीसवाल्या साहेबांसमोर घरचं उघडं करायची. पण ते साहेब खिडकीकडे बघायला लागले. मॅडमनी जागेवरच लिहून दिलं. माणूस मयत आहे, अर्जदार पत्नी आहे, हरकतीचा प्रश्न नाही, सोमवारी मूळ फाईल दाखवावी. उतरताना आई म्हणाल्या, "बाई बरी हाय. पन जेवत नाय वाटतं."

सोमवारी दुपारी आम्ही गेलो. नवऱ्याला यायला सांगितलं होतं, नाही आला. म्हणाला, यार्डात माल उतरायचाय. पण आम्ही निघताना आईंच्या हातात त्यानं पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "काय निघालं तर फोन कर. काही निघो." त्याचा आवाज मला नीट वाटला नाही. रिक्षात आई ती बाटली मांडीवर धरून बसल्या. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं, लग्नाला जावं तसं.

एका लांबट हॉलमध्ये आम्हाला बाकावर बसवलं. एक तरुण कारकून मुलगी फाईल घेऊन आली. स्वभावानं चांगली होती, आईंसाठी तिनं पंखा आमच्याकडे फिरवला. "मावशी, बघा, पण पानं दुमडू नका," म्हणाली. मी फाईल उघडली. आई वाचू शकत नव्हत्या, चष्मा लावूनही त्यांना ते बारीक अक्षर दिसेना. "तू वाच," त्या म्हणाल्या. "मोट्यानं वाच. काय सोडू नको."

मी वाचायला लागले. विटांचं घर, कौलारू. गोठा, कुडाचा. गवताची उडवी. आंब्याची झाडं, नारळ, शेवगा, चिंच. विहिरीत हिस्सा. आई प्रत्येकाला मान हलवत होत्या, बरोबर, बरोबर, म्हणत. मधेच म्हणाल्या, "तो शेवगा माज्या हातचा व्हता." एक पान संपलं, दुसरं आलं. बांध, मिठागराची वाट, पाण्याची टाकी. मला वाटत होतं, आता येईल, पुढच्या ओळीत येईल. चौथरा, समाधी, असा कुठला तरी शब्द येईल आणि त्याच्यापुढे रुपयांचा आकडा असेल, आणि मग मी काय करणार? तो मी वाचणार होते की गिळून टाकणार होते, खरंच मला माहीत नव्हतं. यादी संपली. शेवटी सर्व्हेवाल्यानं नेहमीप्रमाणे लिहिलं होतं, याव्यतिरिक्त आपल्या जमिनीत दाखवण्यासारखे काही नाही असे खातेदाराने सांगितले. खाली सासऱ्यांची सही, वाकडीतिकडी.

मी दोनदा उलटसुलट पाहिलं. मागे जोडलेल्या सुट्या पानांतही पाहिलं. नव्हतं.

"आई, नाहीये," मी म्हटलं. "त्यांनी दाखवलंच नाही. काही नाही म्हणून सांगितलं त्यांनी."

"पैशे?"

"एक रुपया नाही तिच्या नावाचा. बघा, सगळं लिहिलंय, पण ते नाही."

आईंनी पदर तोंडावर घेतला आणि त्या रडायला लागल्या. मोठ्यानं, गावात रडायच्या तशा. हॉलमधले लोक वळून बघायला लागले. "नाय इकली गो त्येनी, नाय इकली," एवढंच त्या म्हणत होत्या. "कोंबडीचं खुराडं दाखवलं, पन तिला नाय दाखवली." मी त्यांना धरून बसले. मला एवढं हलकं वाटलं, कधी नव्हे तेवढं. मी नवऱ्याला फोन लावला, त्यानं पहिल्याच रिंगला उचलला, म्हणजे फोन हातातच धरून बसला होता. "काही घेतलं नाही बाबांनी," मी म्हटलं. पलीकडून नुसता यार्डातल्या ट्रेलरचा आवाज येत राहिला, आणि मग त्यानं फोन ठेवला.

सगळं झालं असं मला वाटलं. आईंनी डोळे पुसले, पाणी प्यायल्या. कारकून मुलीनं एक कागद पुढे सरकवला. "मावशी, इथं सही करा. फाईल पाहिली, मागितलेली माहिती मिळाली, एवढंच आहे."

आईंनी पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. कपाळाला आठी पडली.

"म्हंजे सरकारला पन नाय सांगितलं त्येनी," त्या म्हणाल्या.

"नाही ना आई. म्हणून तर पैसे आले नाहीत."

"मंग आता कुनाला म्हाईत हाय, ती कुठं हाय ती?"

इतके दिवस आम्ही एकच गोष्ट शोधत होतो, निदान मी तरी. आई दोन शोधत होत्या. पैसे घेतले नाहीत हे कळलं त्याच क्षणी जागा कायमची गेली, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सासऱ्यांनी दाखवली असती तर कुठल्या तरी पानावर ती असती. बांधाच्या पूर्वेला, चिंचेपासून इतक्या अंतरावर, असं काहीतरी. आता त्या भरावाखाली ती कुठेही होती.

समोरची मुलगी बिचारी गोंधळली. तिला काय चाललंय ते पुरतं कळलं नव्हतं. ती सवयीनं बोलून गेली, "मावशी, दुसरी माहिती हवी असेल तर वेगळा अर्ज करावा लागेल. एका अर्जात एकच विषय घेतात."

"कुनाला करू?" आईंनी विचारलं. रागानं नाही, खरंच विचारत होत्या. त्या मुलीच्या तोंडाकडे बघत, ती पत्ता सांगेल अशा आशेनं.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. गल्लीतल्या कुणीही विचारलं तरी मी सांगते, या खिडकीत द्या, त्या साहेबाला करा. माझे डोळे वाहायला लागले होते, तिथे, सगळ्यांसमोर, आणि मी ते पुसलेसुद्धा नाहीत.

शेवटी आईंनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको," त्या म्हणाल्या. "तिच्या बापाला म्हाईत हाय. मी गेल्यावर त्येंनाच इचारीन." आणि वाकून, सावकाश, त्यांनी माहिती मिळाल्याची सही केली.